धोंडूकाकांची पाऊणकी

आमच्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नवीन माणूस कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर घातला जातो. पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवायचं असेल तर 'उद्या याच वेळी या' असं म्हणायचं नाही. 'उद्या घड्याळात याच वेळी या' असं म्हणायचं. रत्नागिरी शहरातल्या लोकांना ते 'घड्याळात' जरा विचित्र वाटतं. घड्याळात नाही तर काय पंचांगात, असं एकदा एका वकिलांनी मला विचारलंसुद्धा. मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर धोंडूकाकांची सगळी हकिकत सांगावी लागली असती आणि बाहेर पेशंट खोळंबले होते. आज ती निवांतपणे सांगते.

धोंडू गोविंद मांडवकर हे माझ्या माहेरचे शेजारी. आमचं गाव खाडीकाठचं. आमच्या परसातून शेंबडं पोर पळत सुटलं तर ते थेट काकांच्या पडवीत जाऊन थांबायचं, मधे कुंपण नव्हतं. काकांची शेती खाजणात होती. खाजण म्हणजे खाडीला लागून असलेली सखल जमीन. बांध घालून खारं पाणी बाहेर थोपवायचं आणि आत पावसाच्या पाण्यावर भात काढायचं. बांधाला एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. हे एवढं वाचायला सोपं वाटतं. पण बांध एकदा फुटला आणि खार आत शिरला की जमीन कामातून जाते, आणि ती परत गोडी व्हायला तीनतीन पावसाळे जातात. त्यामुळे काकांचं निम्मं आयुष्य त्या बांधावर उभं राहण्यात गेलं.

उंच, हडकुळे, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा आणि पाय कायम अनवाणी. टाचा तर जांभ्याच्या चिऱ्यासारख्या. त्यांना एक खोड होती. पाणी दिसलं की त्यात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. शेतातलं पाणी गोडं आहे की खारं हे असं कळतं, ते ठीकच. पण ही खोड घरातही चालायची. चहात बोट, आमटीत बोट. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता तर तीर्थात बोट बुडवून, चाटून, "चांगलं हाय" असा शेरा दिलान. भटजींनी डोळे मिटून घेतले.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे पाऊणकी. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. काका चौथीपर्यंत शिकले आणि पुढे शाळेतलं बाकी सगळं विसरले, पण पाऊणकी तेवढी जिभेवर राहिली. कारण ती रोज लागायची. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता खाडी तुडुंब. दुसऱ्या दिवशी पंचमी, पाच पाऊण पावणेचार. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, आणि तिच्याबरोबर काकांचा सगळा दिवस सरकायचा. जेवण, झोप, दाढी, सगळं. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते काकीचं. काका त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत.

"पाणी विचारून येत नाय," हे त्यांचं पालुपद. कुणी उशिरा आलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बस चुकली, सगळ्यावर हेच.

माझ्या लग्नात ते फारच खरं ठरलं. माझं सासर खाडीपलीकडचं. तेव्हा पूल झाला नव्हता, त्यामुळे वऱ्हाड होडीनं येणार होतं. मुहूर्त दुपारचा. काका आठवडाभर आधीपासून माझ्या बाबांच्या मागे लागले होते. "दशमी हाय. दहा पाऊण साडेसात. साडेसातला भरती म्हंजे दुपारी दीडला खाडीत निस्ता चिखल. होडी रुतंल." बाबा म्हणाले, भटजींनी काढलेला मुहूर्त आहे, आता पत्रिकाही वाटून झाल्या. लग्नाच्या दिवशी होडी किनाऱ्यापासून चांगली लांब रुतली. त्यात मुंडावळ्या बांधलेला नवरा, त्याची आत्या, बँडवाले आणि त्यांचा ढोल. आम्ही मांडवातून बघतोय आणि सनईवाला उगीचच वाजवतोय. काकांनी पंचा डोक्याला बांधलान, गुडघाभर चिखल तुडवत होडीपाशी गेले आणि माझ्या नवऱ्याला पाठुंगळी घेऊन आले. मांडवात त्याला पाटावर उतरवलान आणि भटजींना म्हणाले, "भटजीबुवा, तुमी तिथी बघितलीत, पाऊणकी नाय बघितलीत."

माझा नवरा अजून कधी चिडला की मी त्याला सांगते, तू स्वतःच्या पायांनी आलेला नाहीस.

तर असा हा पायांचा माणूस, आणि नेमके त्याचे पायच धरले. एके दिवशी पहाटे उजव्या पायाचा अंगठा असा सुजला की त्यावर चादर टेकवता येईना. लालबुंद, गरम. आठवड्यानं उतरलं. मग काही महिन्यांनी पुन्हा. मग घोटा, मग पुन्हा अंगठा. गावात तर प्रत्येकजण वैद्य. कुणी वात म्हणालं, कुणी भानामती. काकीनं निर्गुडीच्या पाल्याचा लेप लावून लावून घराला त्याचाच वास बसवलान. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, यूरिक अ‍ॅसिडचे क्षार सांध्यात साठले असतील, रक्त तपासून घ्या.

आता क्षार हा शब्द काकांनी आपल्या कानानं ऐकला. 'खार' असा. आणि खाराचं काय करायचं हे त्यांना जन्मापासून ठाऊक. आत येऊ द्यायचा नाही. त्यांनी त्याच दिवसापासून मीठ सोडलं.

हे मला काकीनं माहेरपणात सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. काकी तर डोळे पुसत हसत होती. "काय सांगू बाय, ह्यांनी मीठ सोडलंनी, तारल्या नाय सोडल्यानी. अळणी तारल्या, अळणी बांगडा, अळणी तिसऱ्या. तोंड वाकडं करून खातात आणि म्हणतात, औषध कडूच असतं."

तारली, बांगडा, तिसऱ्या, ह्यांनीच यूरिक अ‍ॅसिड वाढतं. म्हणजे काका शत्रूला घरात घेऊन त्याची टोपी तेवढी बाहेर ठेवत होते.

त्यात गंमत अशी झाली की रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. ऐन दुखण्याच्या वेळी रक्त घेतलं तर यूरिक अ‍ॅसिड कधीकधी बरोबर दिसतं, ही त्या आजाराची फसवाफसवी आहे. पण काकांनी अर्थ काढलान, "मीठ सोडलं, खार गेला." आणि पाय तर सुजतच राहिला. तेव्हा मुंबईहून संतोष आला.

संतोष हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंबईजवळ दिव्याला राहतो, एका खासगी कंपनीत कामाला. तो वडलांना मुंबईच्या एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी एक्स-रे बघितला, सांध्यात सुई घालून पाणी काढून बघितलं, त्यात काही सापडलं नाही. हाड एका बाजूनं कुरतडल्यासारखं दिसत होतं. त्यांना जंतूंची शंका आली. म्हणाले, सांधा उघडून हाड खरवडून साफ करावं लागेल, आणि वेळ पडली तर अंगठा काढावाही लागेल. ऑपरेशननंतर बरेच महिने चिखलपाण्यात जायचं नाही.

मग संतोषनं जे बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते बोलून टाकलं. ऑपरेशन मुंबईत करायचं आणि दोघांनी कायमचं दिव्यालाच राहायचं. खाजण कोळंबीची तळी करणाऱ्या एका माणसाला द्यायचं. तो मागतच होता.

मला तेव्हा संतोषचा रागच आला होता. पण तो माझ्यासमोर बसून जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "ताई, दर वेळी फोन येतो, बाबांचा पाय सुजलाय. मी तिकडे ऑफिसात बसून काय करू? भरती बघू?" त्याचं काही चुकीचं नव्हतं.

काका मात्र त्यानंतर बोलेनासे झाले. पाणी विचारून येत नाय, हेसुद्धा म्हणेनात. बांध सोडून दिव्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसायचं, जिथे खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात, हे त्यांना अंगठा जाण्यापेक्षा भारी होतं. मला म्हणाले, "अंगठा जाऊंदे गो. एक गेला तर नऊ ऱ्हातात. खाजण एकच हाय."

मी सेंटरवर येऊन आमच्या डॉक्टर नसीमा मुकादमांना सगळं सांगितलं. त्या आमच्या रेडिओलॉजिस्ट. बाई मूळच्या खाडीकाठच्याच, वडील खलाशी होते. त्या म्हणाल्या, ऑपरेशनची तारीख पक्की करण्याआधी पाय आपल्याकडे आणा. आमच्याकडे तेव्हा नवीन मशीन आलं होतं. त्यात एकाच जागेची दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांनी चित्रं घेता येतात. हाडातला कॅल्शियम आणि यूरिक अ‍ॅसिडचे क्षार त्या दोन ताकदींना वेगवेगळं उत्तर देतात, त्यामुळे कुठला कण कशाचा हे संगणकाला ओळखता येतं. हाडांना तो जांभळा रंग देतो आणि क्षारांना हिरवा. सुई जिथे चुकते तिथे हे चित्र कधीकधी नेमकं दाखवून देतं.

संतोष काकाकाकींना घेऊन आला. परतीचं मुंबईचं तिकीट खिशात होतं. काकांनी टाचा काथ्यानं घासून आणलेल्या, कारण पायाचा फोटो काढायचा होता. पण त्या दिवशी विजेनं दगा दिला. बॅटरी लागेना, मशीन सुरू होईना. दहा वाजल्यापासून बसवून शेवटी रिसेप्शनवरच्या श्रद्धानं सांगितलं, "आजोबा, उद्या याच वेळी या." सगळे माझ्या घरी मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी लवकरची, मी पुढे गेले. दहा वाजले, सव्वादहा झाले, मशीन तापवून तयार, आणि काकांचा पत्ता नाही. संतोषला फोन केला तर तो कावलेला. "अगं, अंघोळ करून तयार बसलेत, पण उठतच नाहीत. म्हणतात, अजून वेळ झाली नाही."

पावणेअकराला काका दारात.

श्रद्धा चिडली. "आजोबा, याच वेळी या म्हणून सांगितलं होतं ना?"

"मंग? त्याच वेळी आलोय." काकांना खरंच कळेना ही पोरगी का ओरडतेय. "काल मी हितं आलो तेवा भरती अर्धी चढली हुती. आज अर्धी चढली, मी हजर. वायच खाडीवर जाऊन बघून ये, खोटं वाटत असंल तर."

श्रद्धा माझ्याकडे बघायला लागली. संतोष जमिनीकडे बघत होता, त्याला लाज वाटत होती. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, कारण काका परत बोलायला लागले होते. 'घड्याळात' हा शब्द आमच्या नियमात आला तो त्या दिवशी.

मशीनवर निजवल्यावर वेगळंच. काका बोलतात तेव्हा त्यांचा अंगठा हलतो. चिखल दाबून बघत असावेत तसा. मी सांगितलं, काका, बोलायचं नाही.

"बोलल्यानं पाय हलतो काय?"

"तुमचा हलतो."

दोन मिनिटं गप्प. मग आतून आवाज, "सुलू, ह्या मशीनला दोन्हीकडनं उघाडी हाय गो, पाणी ऱ्हायचं कसं?" पुन्हा चित्र घ्यावं लागलं. तिसऱ्या वेळी काकीनं दारातून दम भरलान, "गप ऱ्हावा हो जरा!" तेव्हा जमलं.

चित्र संगणकावर तयार झालं आणि मुकादम मॅडमनी तिघांना आत बोलावलं. पडद्यावर काकांचा पाय. जांभळी हाडं, आणि अंगठ्याच्या सांध्याभोवती, घोट्याशी, टाचेच्या वरच्या शिरेत हिरवे हिरवे पुंजके. काकांचा चेहरा एकदम उजळला. "आरं वा! हिरवं हाय की! पीक उभं हाय!"

शेतकऱ्याला हिरवं म्हणजे चांगलंच असणार. आम्हा मशीनवाल्यांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. संतोषच्याही तोंडावर क्षणभर आशा दिसली. मॅडम हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "काका, हे पीक नको असलेलं आहे."

"मंग रानमोडी म्हणायची."

"हां, रानमोडीच." मग त्यांनी बोटानं दाखवलं. "हे नखाजवळचं आणि तळव्यावरचं हिरवं आहे ना, ते खोटं आहे. जाड कातडीमुळे असं दिसतं. पोचट दाणे असतात तसं. पण हे सांध्यातलं खरं आहे. हे यूरिक अ‍ॅसिडचे क्षार. गाऊट म्हणतात याला. हाड जंतूंनी नाही, ह्यानं कुरतडलंय."

"खार," काका म्हणाले. "मी मीठ तर सोडलंय."

"मिठाचा हा खार नाही, काका."

काका पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग त्यांनी विचारलान, "बांध कुठं फुटलाय?"

मॅडम खाडीकाठच्या होत्या म्हणून बरं. दुसऱ्या कुणाला हा प्रश्न कळला नसता. त्या म्हणाल्या, "बांध फुटलेला नाही. उघाडी नीट उघडत नाही. हा खार शरीरात रोज तयार होतो आणि लघवीतून बाहेर जायला हवा. तुमचा पुरेसा जात नाही. त्यात तुम्ही वर तारली घालताय."

काकांनी मान डोलावली. मग काकीकडे असं बघितलान जसं तारल्या तिनंच सक्तीनं खाऊ घातल्या होत्या.

मॅडमनी तिथूनच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, चित्रं पाठवली. त्यांनीही ती बघून मोकळ्या मनानं सांगितलं, ऑपरेशन थांबवा, आधी औषध सुरू करा. संतोषनं खिशातलं तिकीट काढून बघितलं आणि परत ठेवलं. तो आनंदला होता की नाही ते मला समजेना. बाहेर व्हरांड्यात येऊन तो वडलांना म्हणाला, "बाबा, अंगठा वाचला, चांगलं झालं. पण मला सांगा, पाय बरा होणार कधी? मी असा किती वर्षं धावू?"

"गोळ्यांनी हळूहळू विरघळतं, महिने लागतात, कधी वर्षंही," मी मधे बोलले.

"ठीक आहे," संतोष म्हणाला. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गणपतीत मी येईन. तुम्ही काठी न घेता बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललात तर मी दिव्याचं नाव काढणार नाही. नाहीतर माझं ऐकायचं."

"दोन पावसाळे," काका पुटपुटले. "खाजण गोडं व्हायला तीन लागतात."

"दोन, बाबा."

"बरं. दोन."

मग सुरू झालं ते काकीचं राज्य. गोळी सकाळी तिच्यासमोर. पाणी कळशीनं. मीठ जेवणात परत आलं, तो दिवस काकांनी सणासारखा साजरा केलान म्हणे, वरणाला दोनदा बोट लावून. तारली बंद, तिसऱ्या बंद, माडी बंद. "माडी मी औषधापुरती घेतो," काका मॅडमना म्हणाले. "मग आता दुसरं औषध मिळालंय," मॅडम म्हणाल्या. बांगड्यावर मात्र काकांनी अशी घासाघीस केलीन की मासळीबाजारातल्या बायका लाजल्या असत्या. शेवटी अमावास्येला एक आणि पौर्णिमेला एक, असा तह झाला. काकी तिथी मोजायला लागली.

पहिले काही महिने उलटंच झालं. औषध सुरू झाल्यावर सांध्यातला जुना क्षार सुटायला लागतो, तेव्हा दुखणं पुन्हा उसळू शकतं. मॅडमनी ते आधी सांगितलं होतं, त्यावर गोळीही दिली होती. पण घोटा सुजला तेव्हा काकांनी सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्यान आणि एसटीनं थेट सेंटरला आले, लंगडत. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घे. तुजं औषध खार वाढवतंय."

मी काही बोलणार एवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, खाजणात गोडं पाणी भरून खार धुतात, तेव्हा पहिल्या वर्षी काय होतं?"

काका म्हणाले, "वरती खार पांढरा फुलतो."

"म्हणून कुणी उघाडी काढून टाकतं का?"

काकांनी पिशवी परत उचललीन. दाराशी जाऊन वळले आणि मला म्हणाले, "ही बाय खाजणातली हाय गो. आधी सांगायचंस ना."

त्यानंतर गोळी चुकली नाही. वर्षानं पुन्हा चित्र काढलं. घोट्याजवळचं हिरवं जवळजवळ गेलं होतं, अंगठ्याशी थोडं उरलं होतं. आता काकांना रंग कळत होता. पडद्यावर जांभळंच जांभळं बघून म्हणाले, "पडीक दिसतंय. झकास!"

आणि ते ठरलेले गणपती आले. मी माहेरी होते, संतोष बायकामुलांसह दिव्याहून आलेला. चतुर्थीला आरतीला तो आमच्याकडे आला तेव्हा काकांच्या पायांकडे बघत होता. त्याच रात्री खाडीला मोठं उधाण होतं. सकाळी काकी धावत आली. खेकड्यांनी आतून पोखरलेल्या जागी बांध खचला होता, खांड पडून तो फुटायचा तेवढा बाकी होता. तो बांधून काढायच्या आधी दुपारची भरती आली असती तर भातात खारं पाणी शिरलं असतं, आणि भात नुकतं पोटऱ्यात आलेलं.

पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे साडेनऊच्या सुमाराला ओहोटी. मी पोचले तेव्हा काका बांधावरून चालत होते. अनवाणी, काठी नाही, डोक्यावर चिखलाचं घमेलं. ह्या टोकाहून त्या टोकाला आणि परत, परत, परत. कुणाला काही दाखवायला म्हणून नव्हे, बांध खचलाय म्हणून. पैज त्यांना आठवतही नसावी. संतोष पँट दुमडून काठावर उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन थांबले. तो बराच वेळ वडलांचे पाय बघत राहिला. मग चपला काढून चिखलात उतरला.

भरती चढेपर्यंत दोघांनी अर्धं काम उरकलं. वरचा थर आणि फळ्या ठोकायचं राहिलं. काका हात धुऊन म्हणाले, "उद्या याच वेळी ये. उरलेलं करू." संतोष हो म्हणाला आणि घरी गेला.

काका त्याच पौषात गेले. झोपेत, काही त्रास न होता, चांगल्या दोन पायांनी. मधे मला रजा मिळाली नाही आणि गणपतीनंतर मी गेले ती दहाव्यालाच. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गणपतीतल्या त्या षष्ठीला. फार आठवण येते, आणि येते ती ह्याच सकाळची.

मी मुद्दाम कालच्याच वेळेला, साडेनऊला, बांधावर गेले होते, पातोळ्या घेऊन. काका एकटेच उघाडीपाशी बसून फळी तासत होते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. संतोष नाही. मला वाईट वाटायला लागलं. काल उत्साहात उतरला, आज अंग दुखत असेल, चाकरमान्याचं एवढंच असायचं. काकांना काही विचारायचा मला धीर होईना. ते तर वर मान करून बघतही नव्हते. दहा वाजले. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, आपणच पदर खोचावा.

सव्वादहाला संतोष आला. पण घराकडून आला नाही, खाडीकडून आला. किनाऱ्यावर बराच वेळ उभा असावा, पाय चिखलात बुडलेले. मनगटावर घड्याळ होतं आणि त्यावरही चिखल उडालेला होता. मी सवयीनं म्हणणार होते, अरे, किती उशीर. मग खाडीकडे बघितलं. पाणी नेमकं तळाला गेलं होतं, काल साडेनऊला होतं तिथेच.

काकांनी फळी पुढे केलीन. "धर."

संतोषनं धरली. त्याला वाकलेल्या वडलांचा फक्त पंचा दिसत असणार. मी समोरच्या बाजूला होते, मला काकांचा चेहरा दिसत होता.